जुना संगणक व त्याचे घड्याळ

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातील शाळा उन्हाळ्याच्या सुटीनंतर जूनमध्ये उघडतात, तेव्हा जुना संगणक सुरू होतो, परंतु डोमेनमध्ये प्रवेश देत नाही, असा अनुभव येतो. शिक्षक संशयाने निरनिराळे पासवर्ड देऊन पाहतात. त्यामुळे पुष्कळदा खातेच बंद होते आणि विद्यार्थ्यांची माहिती भरण्याची मुदत टळते. वास्तविक दोष पासवर्डात नसून घड्याळात असण्याचा संभव मोठा असतो.

डोमेन म्हणजे अनेक संगणकांचे व वापरणाऱ्यांचे सर्व्हरवर ठेवलेले एकच हजेरीपत्रक होय. सर्व्हर ओळख पटवून वेळेची नोंद असलेले जणू तिकीट देतो. दोन्ही घड्याळांत सामान्यतः ५ मिनिटांहून अधिक अंतर असल्यास ते नाकारले जाते. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्यांनी टिपलेले संकेतही वेळेचा अचूक मेळ असल्यासच एकत्र करता येतात. सुरक्षित संकेतस्थळांचेही तसेच आहे. तारीख चुकली की त्यांचे प्रमाणपत्र संगणकास अवैध भासते.

घड्याळ मागे का पडते? यंत्र बंद असता मदरबोर्डवरील बटण सेल घड्याळ चालू ठेवतो. तो बहुधा सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो. सेल क्षीण झाला तरी भिंतीवरील बटण चालू असेतो दोष लपून राहतो. वीज खंडित झाली, किंवा शाळा सुटताना मुख्य बटण बंद केले, की तारीख कित्येक वर्षे मागे जाते.

तपासणी पुढील क्रमाने करावी :

१. दिनांक, वर्ष व वेळ पाहावी. भारतीय प्रमाणवेळ (५ तास ३० मिनिटे पुढे) निवडलेली असावी. अन्यथा काटे बरोबर दिसूनही वेळ चुकीची ठरते. प्रवेशच नसेल तर बायोसच्या पानावर वेळ दुरुस्त करावी.

२. दुसऱ्या दिवशी चूक पुन्हा दिसल्यास सेल बदलावा. तत्पूर्वी बायोसमधील नोंदी वहीत टिपाव्यात व विजेची दोरी काढावी.

३. नेटवर्कची केबल काढून नेहमीच्याच खात्याने प्रवेश करून पाहावा. पूर्वीची ओळख यंत्रात साठवलेली असल्याने प्रवेश मिळाल्यास पासवर्ड यंत्रात साठवलेल्या ओळखीशी जुळतो, एवढेच समजावे. मग केबल, डीएनएसचा पत्ता किंवा डोमेनशी यंत्राचा तुटलेला विश्वाससंबंध यांकडे वळावे.

४. विश्वाससंबंध तुटल्याचा संदेश आल्यास यंत्र डोमेनशी पुन्हा जोडावे लागते. ते काम व्यवस्थापकाकडे सोपवावे.

तथापि प्रत्येक दोष सेलने दूर होत नाही. विंडोज ७ ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अशा यंत्रांवर काही संकेतस्थळे उघडत नाहीत, व त्यांवर मुलांची माहिती ठेवणेही सुरक्षित नसते. परंतु यंत्र मोडीत काढण्यापूर्वी किंवा शिक्षकास दोष देण्यापूर्वी एकवार घड्याळ पाहावे.