सकाळची शर्यत, संध्याकाळचं शरीर

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहण्याच्या अंतिम शर्यती सकाळी झाल्या. कारण खेळाचं नव्हतं, अमेरिकेतल्या प्रेक्षकांना त्या संध्याकाळी टीव्हीवर पाहता याव्यात एवढंच. मायकेल फेल्प्सने तरीही आठ सुवर्णपदकं जिंकली.

पण शरीराचं घड्याळ टीव्हीचं वेळापत्रक मानत नाही. पहाटे शरीराचं तापमान सर्वांत कमी असतं. दिवसभरात ते जेमतेम एक अंशाने वाढतं आणि संध्याकाळच्या सुमारास कमाल गाठतं. ऊब आलेले स्नायू अधिक झटकन आकुंचन पावतात, मज्जातंतूंचे संदेशही वेगाने धावतात. २००४ ते २०१६ मधल्या चार ऑलिम्पिकमधल्या जलतरणपटूंच्या वेळा संशोधकांनी तपासल्या, तेव्हा सर्वोत्तम कामगिरी संध्याकाळी पाचच्या आसपास आढळली. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण सुवर्ण आणि रौप्य यांच्यातलं अंतर अनेकदा त्याहूनही कमी असतं!

अर्थात, पहाटे उठणारे आणि रात्री जागणारे यांची घड्याळं वेगळी चालतात. शिवाय तापमान बाहेरचंही मोजावं लागतं. मुंबई मॅरेथॉन पहाटेच सुरू होते, कारण ४२ किलोमीटर धावताना दमट उकाडा हाच मोठा शत्रू.