पगारातला टॅक्स, बिलातला टॅक्स: कुणाच्या खिशातून किती?

हेडफोनचा आवाज आधीच जरा कमी करून ठेवा, कारण हा विषय निघाला की माणसं मोठ्यानं बोलायला लागतात आणि मीही त्यातलाच. विषय आहे टॅक्स.

फोनवर फिरणारा एक मेसेज तुम्हीही वाचला असेल. 'देशात मूठभर लोक टॅक्स भरतात, बाकीचे फुकट खातात.' त्याच्या जोडीला दुसरा असतो: 'इन्कम टॅक्स बंद करा, सगळं जीएसटीतून गोळा करा, म्हणजे सगळेच भरतील.' पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे कायम ऐकतो. शनिवारी बारामतीला आलो की पारावर याची दुसरी बाजू ऐकायला मिळते: 'टॅक्स तुमच्या नोकरदारांचा. शेतकऱ्याचा काय संबंध?' गंमत बघा, भांडणारे दोघंही एक गोष्ट खरी धरून चालतात, की शेतकरी टॅक्स भरत नाही. आज तेच तपासून बघू. मी सॉफ्टवेअरवाला आहे, सीए नाही. त्यामुळे कलमं कमी आणि आकडेमोड जास्त.

दोन टॅक्स, दोन दरवाजे

सरकार तुमच्या पैशाला दोन ठिकाणी गाठू शकतं. पैसा घरात येताना, नाहीतर घरातून जाताना.

येताना घेतो तो इन्कम टॅक्स. आपल्या देशात तो पहिल्यांदा १८६० साली आला, इंग्रजांनी आणला. यात सरकार आधी विचारतं, 'वर्षाला कमावतोस किती?' २०२५-२६ पासून नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची सरसकट वजावट मिळते, म्हणून त्याच्यासाठी ही रेघ १२ लाख ७५ हजारांवर जाते. त्याच्या वर गेलात की जसजसं उत्पन्न वाढेल तसा दर चढत जातो, शेवटी ३० टक्क्यांपर्यंत. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा इन्कम टॅक्स नाही. राज्यघटनेनं तो विषय राज्यांकडं ठेवलाय.

जाताना घेतो तो जीएसटी. १ जुलै २०१७ ला तो आला आणि एक्साइज, सर्व्हिस टॅक्स, व्हॅट, जकात असे बरेच जुने कर त्यानं पोटात घेतले. जीएसटीची कल्पना ज्यांच्या समित्यांनी पुढं रेटली ते विजय केळकर पुण्याचेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मुख्य दर दोनच उरलेत, ५ आणि १८ टक्के. तंबाखू, मोठ्या गाड्या असल्या वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा वरचा दर आहे. धान्य सुट्टं घेतलं तर शून्य, पाकिटबंद आणि लेबल लावलेलं घेतलं तर ५. दूध शून्य. बारामती-इंदापूरच्या डेअऱ्यांमधून निघणारं लोणी, तूप, चीज आधी १२ टक्क्यांत होतं, आता ५ मध्ये आलंय.

जीएसटी एक प्रश्न कधीच विचारत नाही: 'तू कमावतोस किती?'

बिल शेवटी कुणाच्या गळ्यात?

इथं नीट लक्ष द्या, पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा कंपनीनं दुकानदाराला १००० रुपयांना पंखा विकला. त्यावर १८ टक्के, म्हणजे १८० रुपये जीएसटी. दुकानदारानं तो पंखा तुम्हाला १३०० ला विकला, त्यावर २३४ रुपये जीएसटी. पण दुकानदार सरकारला २३४ भरत नाही. आधी दिलेले १८० तो वजा करतो आणि फक्त ५४ भरतो. या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. कंपनीला तिचं क्रेडिट मिळालं, दुकानदाराला त्याचं मिळालं. तुम्हाला? तुम्ही साखळीतली शेवटची कडी. पूर्ण २३४ तुमचे.

आता शेतकऱ्याचं बघा. ऊस, दूध, कांदा विकताना त्याला जीएसटी लावायचा नसतो, नोंदणीही करावी लागत नाही. ऐकायला सवलत वाटते. पण नोंदणी नाही म्हणजे क्रेडिटही नाही. खतावर ५ टक्के, रासायनिक औषधावर १८ टक्के, ठिबकवर आणि ट्रॅक्टरवर ५ टक्के (हे दोन्ही सप्टेंबर २०२५ च्या आधी १२ होते). हा सगळा टॅक्स त्याच्याच अंगावर राहतो. आणि आपल्या मालाची किंमत स्वतः ठरवून तो पुढं ढकलणंही त्याच्या हातात नसतं. बाजारात भाव दुसरेच ठरवतात.

आणि हातातला फोन? २९९ च्या रिचार्जमध्ये साधारण ४५ रुपये ६० पैसे जीएसटी असतो. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. हा तुम्ही भरता, तुमचा कॉलेजातला भाऊ भरतो आणि कारखान्यावर कोपीत राहणारा ऊसतोड कामगारही तेवढाच भरतो. म्हणजे 'मूठभर लोक टॅक्स भरतात' हे वाक्य इथंच आडवं झालं. मूठभर लोक इन्कम टॅक्स भरतात. टॅक्स सगळेच भरतात.

दोन घरांचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. दोन घरं घेऊ. दोन्ही काल्पनिक आहेत, हिशोबापुरती.

पहिलं घर लोणी भापकरच्या बाजूचं, जिरायती. थोडी शेती, दोन गाई, अधूनमधून रोजंदारी. महिन्याला १५ हजार येतात आणि १५ हजार जातात. त्यातलं बरंच धान्य, दूध, भाजी, शाळा, एसटी यावर, जिथं जीएसटी लागत नाही. ५ टक्केवाल्या वस्तू ४००० च्या: टॅक्स २०० रुपये. १८ टक्केवाल्या ३००० च्या: ५४० रुपये. एकूण ७४० रुपये. म्हणजे कमाईच्या जवळपास ५ टक्के.

दुसरं घर माझ्यासारख्याचं. हिंजवडीत नोकरी, महिन्याला सव्वा लाख. ५ टक्केवालं १० हजारांचं: टॅक्स ५००. १८ टक्केवालं २५ हजारांचं: ४५००. एकूण ५००० रुपये. बाकीचे पैसे भाड्यात, एसआयपीत, घरी पाठवण्यात जातात. ५००० ही रक्कम मोठी दिसते, पण कमाईच्या ती ४ टक्केच आहे.

बघितलंत? रुपयांत मी जास्त भरला, वाटा मात्र त्या घराचा जास्त गेला. कारण गरीब घर आलेला सगळा पैसा खर्च करतं आणि जीएसटी खर्चावरच बसतो. मी जो पैसा साठवला तो या महिन्यात जीएसटीच्या तावडीतून सुटला.

हे फिरवतो कोण? इन्कम टॅक्स. सव्वा लाख महिना म्हणजे १५ लाख वर्षाला. ७५ हजार वजा केले, १४ लाख २५ हजारांवर टॅक्स बसतो ९३,७५०, त्यावर ४ टक्के सेस, एकूण ९७,५००. महिन्याला ८१२५. दोन्ही टॅक्स मिळून माझे १३,१२५, म्हणजे साडेदहा टक्के. त्या घराचे तेच ५ टक्के. आता कसं, ज्याला झेपतं त्याचा वाटा मोठा झाला.

'इन्कम टॅक्स बंद करा' म्हणजे काय होईल?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात इन्कम टॅक्सचा अंदाज १४.३८ लाख कोटी होता. २०२४-२५ ची केंद्र-राज्य मिळून जीएसटीची एकूण वसुली २२.०८ लाख कोटी. पहिला बंद करून दुसऱ्यातून तेवढेच पैसे काढायचे तर जीएसटी दीडपटीहून जास्त करावा लागेल. आपण १.६ पट धरू. म्हणजे ५ चे ८ टक्के आणि १८ चे जवळपास २९ टक्के.

परत दोन्ही घरांत जाऊ. खरेदी तेवढीच धरा.

जिरायती घर: ७४० चे झाले ११८४. कमाईच्या ७.९ टक्के.
माझं घर: १३,१२५ वरून थेट ८०००. कमाईच्या ६.४ टक्के.

मला महिन्याला ५१२५ रुपये सुटले आणि त्या घरावर ४४४ रुपये चढले. 'सगळेच भरतील' याचा अर्थ हा. ४४४ रुपये म्हणजे आपल्यासाठी एक पिझ्झा, त्या घरात मात्र रोजंदारीची बहुतेक एक हजेरी.

आपल्या मराठी मुलखातूनच आलेला आणखी एक प्रस्ताव तुम्ही ऐकला असेल, अनिल बोकील यांचा 'अर्थक्रांती'. आयात शुल्क सोडून बाकी सगळे कर काढा आणि बँक खात्यात पैसे जमा झाले की त्यावर एकच छोटा व्यवहार कर लावा. साधेपणा आकर्षक आहे, नाकारत नाही. ना रिटर्न, ना अधिकारी. पण यात क्रेडिट नाही. ऊसाचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात आले, टॅक्स. साखरेचे कारखान्याच्या खात्यात आले, टॅक्स. मग व्यापारी, मग मिठाईवाला, परत परत टॅक्स. साखळी जितकी लांब तितका टॅक्सवर टॅक्स. हीच जुनी कटकट काढायला तर व्हॅट आणि जीएसटी आणले होते. आणि हा करसुद्धा जीएसटीसारखाच कमाई विचारत नाही.

'दुबईत कुठं आहे इन्कम टॅक्स?' असंही विचारतात. नाही, पगारावर नाही. पण तिथं तेल आहे, आणि तरीही २०१८ पासून ५ टक्के व्हॅट लावावा लागला. आपल्या कऱ्हेला पाणी यायची मारामार, तेल कुठलं येतंय!

दुष्काळाची परीक्षा

आपल्या भागात कुठलीही योजना दुष्काळात तपासून बघावी. पाऊस नाही पडला, उत्पन्न शून्य. इन्कम टॅक्सच्या न्यायानं टॅक्सही शून्य. जीएसटीच्या न्यायानं? साबण, औषध, रिचार्ज, सगळ्यावर चालूच.

हा मुद्दा जुना आहे. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतसाऱ्यावर नेमकं हेच बोट ठेवलं होतं. इन्कम टॅक्स माणसाची ऐपत बघून लागतो, कमाई नसेल तर लागत नाही. शेतसारा मात्र पीक येवो न येवो, जमीन एक एकर असो की जहागीर, त्याच दरानं वसूल होतो. शंभर वर्षं होत आली, कर बदलले, पण प्रश्न तोच राहिला: टॅक्स ऐपत बघतो का?

आणि ऐपत बघून घेतलेला पैसा काय करू शकतो, याचं उदाहरण तुमच्या सॅलरी स्लिपमध्येच आहे. 'प्रोफेशन टॅक्स २०० रुपये' अशी ओळ असते, फेब्रुवारीत ३०० होतात. वर्षाचे अडीच हजार. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिला पैसा हवा म्हणून १९७५ साली हा व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारांकडून हा कर, बागायती जमिनीवर उपकर, आणि त्यात सरकारची भर. त्यातून जिरायती गावांत रस्ते, पाझर तलाव, नालाबांधाची कामं निघाली. ज्याच्या शेतात कालव्याचं पाणी, त्यानं थोडं द्यायचं. ज्याच्या शेतात कुसळं, त्याच्या हाताला काम मिळायचं.

मग जीएसटी वाईट का?

नाही. त्याचे फायदे खरे आहेत. मुंबईच्या जकात नाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या, त्या गेल्या. क्रेडिट हवं म्हणून प्रत्येक व्यापारी वरच्याकडून पक्कं बिल मागतो, त्यामुळं चोरी थोडी अवघड होते. जो कमाई लपवतो तो गाडी घेताना तरी सापडतो. गरजेच्या वस्तूंवर कमी आणि चैनीवर जास्त दर ठेवून गरिबाचा भार हलकाही करता येतो. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर आलं ते त्यातलंच.

आणि इन्कम टॅक्सही धुतल्या तांदळासारखा नाही. पगारदाराचा टॅक्स हातात येण्याआधीच कापला जातो, रोखीत धंदा करणाऱ्याचा निसटतो. तीस एकर बागायतवाला आणि तीन एकर जिरायतवाला, शेतीच्या उत्पन्नापुरते दोघंही एकाच सवलतीत बसतात. नोकरदारांचा राग इथं चुकीचा नाही. पण त्याचा उपाय जाळं नीट विणणं हा आहे. जाळंच फेकून दिलं तर मोठे मासे सगळ्यात आधी सुटतात.

म्हणून माझं मत: दोन्ही टॅक्स लागतात. जीएसटीनं पसारा मिळतो, इन्कम टॅक्सनं न्याय. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि ते प्रमाण बिलाकडं झुकायला लागलं की तोशीस आधी जिरायती घराला लागते.

यापुढं टॅक्सचा कुठलाही मेसेज आला की फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा टॅक्स कमाईवर आहे की खर्चावर? साखळीतली शेवटची कडी कोण? आणि दुष्काळी वर्षात याचं काय होतं? शिवाय छापील किमतीखाली 'सर्व करांसह' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते एकदा घरातल्यांना दाखवा. विशेषतः त्यांना, जे म्हणतात की आमचा टॅक्सशी काय संबंध. सरकारला जाब विचारायचा हक्क त्यांचाही आहे, त्याचे पैसे ते रोज भरतात.

पुढच्या भागात पेट्रोल-डिझेल. ते जीएसटीच्या बाहेर का ठेवलंय, आणि आत आणायला केंद्र आणि राज्य दोघंही का कचरतात, ते बघू. तोवर राम राम!