चाकांवरचे घर : पेट्रोलचे की डिझेलचे?

अमेरिकेत 'गॅस' म्हणजे पेट्रोल. गॅसोलिन या शब्दाचे ते बोलीतले छोटे रूप. त्यामुळे तिथे पहिल्यांदाच मोटरहोम घ्यायला निघालेला माणूस 'गॅस घ्यावे की डिझेल?' असे विचारतो, तेव्हा त्याच्या मनात आपला स्वयंपाकाचा गॅस किंवा रिक्षातला सीएनजी नसतो. पेट्रोलचे इंजिन घ्यावे की डिझेलचे, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. बसएवढ्या गाडीत झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, संडास-न्हाणीघर, पाण्याच्या टाक्या असे सगळे बसवलेले असते. नोकरीतून निवृत्त झालेली अनेक जोडपी अशी गाडी घेऊन महिनोन्‌महिने देशभर हिंडतात. मोठ्या मोटरहोमचे वजन १० टनांच्या घरात जाते आणि किंमत राहत्या घराशी स्पर्धा करते. म्हणजे साठवलेल्या पुंजीचा मोठा भाग एका निर्णयावर लागलेला असतो. शिवाय एवढे वजन डोंगरावरून खाली उतरवायचे, तर प्रश्न जिवाचाही असतो. या निवडीला लागणारे विज्ञान मात्र आपल्या नववी-दहावीच्या पुस्तकातलेच आहे. ते कसे, ते पाहू.

ठिणगी आणि दाब

पेट्रोल आणि डिझेल यांत लवकर पेटणारे कोणते? वर्गात विचारले तर बहुतेक मुले 'पेट्रोल' म्हणतील. ज्योत जवळ नेली तर ते बरोबरच आहे. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही तयार होते आणि ठिणगी मिळताच भडकते. पण ठिणगी किंवा ज्योत न देता नुसते तापवत नेले, तर डिझेल पेट्रोलच्या आधी आपोआप पेट घेते. दोन्ही इंजिनांतला मूळ फरक या एका गोष्टीतून निघतो.

जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार फेऱ्यांचे इंजिन यशस्वी केले. आजचे पेट्रोल इंजिन त्याच कुळातले. त्यात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दट्ट्याने दाबतात आणि ठिणगी टाकून पेटवतात. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले. त्यात सिलिंडरमध्ये फक्त हवा दाबली जाते. दाबल्याने ती इतकी तापते, की वरून फवारलेले डिझेल ठिणगीशिवायच पेटते.

हवा किती तापते? २७ अंश सेल्सिअसची हवा झटकन एक दशांश आकारमानात दाबली, तर गणिताने तिचे तापमान सुमारे ४८० अंश होते. एक सतरांश केली, तर सुमारे ६६० अंश. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती काही उष्णता शोषतात, म्हणून आकडे थोडे कमी भरतात. पेट्रोल इंजिनात दाबाचे हे प्रमाण साधारण १० असते, डिझेल इंजिनात १७ च्या आसपास. पेट्रोल इंजिनात ते फार वाढवले, तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू लागते आणि इंजिन खडखडते. डिझेल इंजिनात दाबली जाते ती नुसती हवा, त्यामुळे ही भीती नाही.

जास्त दाबलेला वायू जळल्यावर जास्त प्रसरण पावतो, आणि त्यामुळे उष्णतेचा जास्त भाग कामात बदलतो. डिझेलच्या काटकसरीचे हे खरे कारण. मात्र एवढा दाब सोसायचा, तर सिलिंडर, दट्ट्या, दांडे सगळेच जाडजूड करावे लागतात. म्हणून डिझेल इंजिन जड आणि महाग होते.

अश्वशक्ती सारखी, मग फरक कुठे?

आता दोन प्रत्यक्ष इंजिने घेऊ. पेट्रोलच्या अनेक मोटरहोम फोर्ड कंपनीच्या सांगाड्यावर बांधतात. त्यातल्या ७.३ लिटरच्या इंजिनाची शक्ती सुमारे ३५० अश्वशक्ती आहे. कमिन्स कंपनीचे ६.७ लिटरचे डिझेल इंजिन अशाच गाड्यांत सुमारे ३६० अश्वशक्तीचे मिळते. कागदावर दोन्ही जवळजवळ सारखीच.

पण शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. टॉर्क म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर. पेट्रोल इंजिनाचा सर्वांत जास्त टॉर्क सुमारे ६३५ न्यूटन-मीटर आहे आणि तो मिनिटाला ३,९०० फेऱ्यांच्या आसपास मिळतो. डिझेलचा सुमारे १,०८५ न्यूटन-मीटर, तोही १,८०० फेऱ्यांच्या आसपास. १,८०० फेऱ्यांना डिझेल इंजिन सुमारे २७५ अश्वशक्ती देते. त्याच वेगाला पेट्रोल इंजिन १६० च्या वर जाऊ शकत नाही. बाकीची शक्ती हवी असेल तर त्याला खालच्या गिअरमध्ये दुपटीहून जास्त वेगाने पळावे लागते. म्हणजे फरक ताकदीपेक्षा ताकद कशी मिळते याचा आहे. त्यातून बहुतेक पेट्रोल मोटरहोममध्ये इंजिन पुढे, चालकाच्या पायांजवळ असते. मोठ्या डिझेल गाड्यांत ते मागच्या टोकाला असते. चढावरचा आवाज कोणाला किती ऐकू येईल, हे सांगायला नकोच.

चढ

डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा महामार्ग रॉकी पर्वत ओलांडताना आयझेनहॉवर बोगद्यातून जातो. हा बोगदा १९७३ मध्ये खुला झाला. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर आहे. आपले १० टनी घर तिथल्या ६ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर जाताना ६ मीटर वर चढणाऱ्या रस्त्यावर, ताशी ७२ कि.मी. वेगाने न्यायचे आहे, असे धरू.

ताशी ७२ कि.मी. म्हणजे सेकंदाला २० मीटर. चढावर वजनाचा मागे खेचणारा भाग :

१०,००० × ९.८ × ०.०६ = ५,८८० न्यूटन

हवेचा विरोध आणि चाकांचे घर्षण मिळून आणखी सुमारे १,९०० न्यूटन धरले, तर बेरीज सुमारे ७,८०० न्यूटन. तिला २० ने गुणले की १५६ किलोवॅट, म्हणजे जवळजवळ २१० अश्वशक्ती. एवढी शक्ती चाकांशी पोचली पाहिजे.

या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच उरते. हवा कमी म्हणजे प्राणवायू कमी, म्हणजे जाळता येणारे इंधनही कमी. हवा नुसती ओढून घेणाऱ्या पेट्रोल इंजिनाचे ३५० चे २४५ होतात. त्यातले सुमारे १५ टक्के गिअर आणि दांड्यांत गेले, की चाकांशी पोचतात जेमतेम २१०. डिझेल इंजिनाला टर्बो असतो. धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा विरळ हवा दाबून आत ढकलतो, त्यामुळे तिथे घट खूपच कमी होते.

याचा अर्थ पेट्रोलची गाडी चढत नाही असा नाही. वेग ताशी ६० कि.मी. वर आणला की सुमारे १७० अश्वशक्ती पुरते. गाडी काही मिनिटे उशिरा पोचेल, एवढेच.

उतार

चढावर इंजिन कमी पडले तर वेळ जातो. उतारावर ब्रेक कमी पडले तर माणसे जातात. म्हणून खरी परीक्षा बोगद्याच्या पलीकडे आहे. तिथून पश्चिमेला रस्ता सुमारे १३ कि.मी. मध्ये ७०० मीटर खाली येतो. आपल्या गाडीची स्थितिज ऊर्जा :

१०,००० × ९.८ × ७०० = सुमारे ६८६ लाख जूल

एवढ्या ऊर्जेने २०० लिटरचे पिंपभर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. उतरताना ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. थोडी हवेच्या विरोधात आणि घर्षणात जाते. बाकीची सगळी ब्रेकवर सोपवली, तर दहा-अकरा मिनिटांत ब्रेक इतके तापतात की त्यांची पकड सुटू लागते. म्हणून अशा रस्त्यांच्या कडेला ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींसाठी खडीचे चढे फाटे काढून ठेवलेले असतात.

अशा वेळी इंजिनालाच ब्रेक म्हणून वापरतात. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते. मग दट्ट्याला हवा ओढायला जोर लावावा लागतो आणि तोच गाडीला अडवतो. डिझेल इंजिनात हवेची वाट सहसा उघडीच असते; कमी-जास्त होते ते फक्त इंधन. त्यामुळे डिझेल इंजिन स्वभावतः गाडीला फारसे अडवत नाही.

कमिन्स कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स यांना हे १९३१ मध्ये प्राणावर बेतून कळले. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीतून डिझेलची मालमोटार उतरत असताना ब्रेकनी दगा दिला आणि ती रेल्वेगाडीवर आदळता आदळता वाचली. पुढे त्यांनी यावर उपाय शोधला. हवा पूर्ण दाबली गेली, की नेमक्या त्या क्षणी झडप उघडून ती सोडून द्यायची. दाबायला लागलेली ऊर्जा दट्ट्याला परत मिळत नाही आणि इंजिन गाडीला मागे खेचू लागते. जेकब्स कंपनीने असा ब्रेक १९६१ मध्ये बाजारात आणला. मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये हा किंवा धुराची वाट अडवणारा ब्रेक असतो. तो असला की उतारावर डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा वरचढ ठरते. नसला तर उलट. म्हणून डिझेलची जुनी गाडी घेणाऱ्याने अश्वशक्तीच्या आधी हा ब्रेक आहे का, ते विचारावे.

खर्चाचा हिशोब

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६० लाख जूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख. त्यात डिझेल इंजिनाची कार्यक्षमता अधिक. आपल्या घराला पेट्रोलवर लिटरमागे ३.२ आणि डिझेलवर ३.८ कि.मी. मिळतात असे धरू. वर्षाला ८,००० कि.मी. हिंडणाऱ्याला पेट्रोल २,५०० लिटर लागेल, डिझेल सुमारे २,१०० लिटर. वाचले ४०० लिटर.

'डिझेल म्हणजे बचत' हे आपल्याकडचे समीकरण बऱ्याच अंशी दरावर उभे आहे. भारतात डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त राहिले आहे. अमेरिकेत ते सहसा महाग असते. तिथला केंद्रीय करही डिझेलवर गॅलनला २४.४ सेंट आणि पेट्रोलवर १८.४ सेंट आहे. त्यामुळे वाचलेल्या ४०० लिटरचा बराचसा फायदा दरातच जातो. डिझेल गाडीची किंमत मात्र हजारो डॉलरनी जास्त असते. तिला तेल जास्त लागते आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा सांभाळावी लागते. सुट्टीत थोडेसे हिंडणाऱ्याचा हा जादा खर्च इंधनातून कधीच भरून निघत नाही.

मग निवड कशी करावी? वर्षातून काही आठवडे, बहुतेक सपाट मुलुखात, मध्यम वजनाची गाडी चालवायची असेल, तर पेट्रोल पुरेसे आहे. बारा महिने रस्त्यावर राहायचे असेल, मागे आणखी मोटार ओढायची असेल आणि वाटेत सतत डोंगर असतील, तर डिझेलचे जादा पैसे कामी येतात. तेही बचतीसाठी नव्हे, तर चढावरच्या निवांतपणासाठी आणि उतारावरच्या सुरक्षिततेसाठी. पहिलीच गाडी असेल, तर आधी दोन्ही प्रकारच्या गाड्या आठ-आठ दिवस भाड्याने घेऊन एखादा घाट चढून-उतरून पाहिलेला बरा.

वर्गात यातले बरेच काही करून पाहता येईल. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने अडवून भराभर हवा दाबा आणि पंपाचे टोक गरम झाले का, ते मुलांना पाहू द्या. मग जवळच्या घाटाची उंची नकाशावरून काढा, सहलीच्या बसचे वजन विचारून घ्या आणि घाट उतरताना किती लिटर पाणी उकळेल, याचा हिशोब मुलांनाच करू द्या. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये चालवू नका, असे घाटातल्या पाट्या का सांगतात, हे मग त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.