कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज-१० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबवला. काही काळासाठी जादा सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय ठेवली असली, तरी त्यामुळे प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. कारण नवी विंडोज-११ ही प्रणाली बऱ्याच जुन्या संगणकांवर रीतसर बसवता येत नाही. तिला ठराविक काळानंतरचा प्रोसेसर आणि सुरक्षेसाठीची एक विशिष्ट चकती (चिप) लागते. शाळेच्या प्रयोगशाळेतले आठ-दहा वर्षांचे संगणक चालू स्थितीत असूनही एकदम 'कालबाह्य' ठरतात ते यामुळे. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, "लिनक्स टाका. फुकट आहे, व्हायरस लागत नाही आणि कोणी आपल्यावर पाळतही ठेवू शकत नाही."

या एका वाक्यात तीन दावे आहेत आणि ते एकाच मापाचे नाहीत. पहिला किमतीचा, दुसरा सुरक्षिततेचा, तिसरा खाजगीपणाचा. पहिला बव्हंशी खरा आहे. दुसरा अर्धा खरा आहे. तिसरा मात्र जवळजवळ पूर्णपणे वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून आहे. शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा, पत्ते, आधार क्रमांक आणि गुण साठवलेले असतात. म्हणून हे तीन दावे सुटे करून तपासणे शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

उघडे कुलूप सुरक्षित कसे?

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने एका कार्यकारी प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना पाहण्यासाठी खुला केला. तोच लिनक्स. त्याची मूळ आज्ञावली कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो. येथे साहजिकच शंका येते : घराच्या कुलपाची रचना चोरालाही वाचता येत असेल, तर ते घर सुरक्षित कसे?

याचे उत्तर संगणकापेक्षा जुने आहे. १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी लष्करी संकेतलेखनावर एक निबंध लिहिला. हे गृहस्थ पॅरिसमध्ये भाषेचे शिक्षक होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : संकेतलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये; गुपित असावी ती फक्त किल्ली. कारण पद्धत हजारो लोक वापरतात, ती फार काळ लपून राहत नाही. किल्ली मात्र चुटकीसरशी बदलता येते. शिवाय उघड्या पद्धतीतले दोष इतरांना दिसतात आणि दुरुस्त होतात.

म्हणजे सारी भिस्त किल्लीवर आली. मग किल्ली चांगली कशी ठरते?

नाणेफेकीचे गणित

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. एका मुलाला नाणे तीनदा उडवून छापा-काटा गुपचूप लिहायला सांगावे. इतरांनी तो क्रम ओळखायचा. शक्यता २ × २ × २ म्हणजे ८ च आहेत; आठ प्रयत्नांत गुपित फुटणारच. नाणे १५ वेळा उडवले तर शक्यता होतात ३२,७६८. मुलांना हे फार वाटेल, पण संगणकाला नाही. सेकंदाला १०० कोटी प्रयत्न करणारे यंत्र हे काम सेकंदाच्या अत्यल्प भागात संपवते. नाणे १२८ वेळा उडवले, तर त्याच यंत्राला सर्व शक्यता तपासायला सुमारे १० चा २२ वा घात इतकी वर्षे लागतील. विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे धरले, तर हा काळ त्याच्या ७८ हजार कोटी पट भरतो. संगणकाची किल्ली म्हणजे अशी लांबलचक नाणेफेक. एका फेकीइतक्या माहितीला 'बिट' म्हणतात.

परंतु अट एकच : नाणे खरोखर उडवले गेले पाहिजे.

डेबियन ही लिनक्सची एक नावाजलेली आवृत्ती. २००६ साली तिच्यातील संकेतलेखनाच्या एका आज्ञावलीत दोन ओळी काढून टाकल्या गेल्या. तपासणीच्या एका साधनाने त्या ओळींबद्दल इशारा दिला होता, आणि त्या निरुपयोगी आहेत असा समज झाला. प्रत्यक्षात त्यांतली एक ओळ नाणे उडवण्याचे काम करीत होती! ती गेल्यावर किल्ली बनवताना अनिश्चिततेचा एकच स्रोत उरला : चालू कामाला संगणकाने दिलेला अनुक्रमांक. तो साधारण ३२ हजारांच्या आतच असे. म्हणजे दिसायला किल्ली लांबलचक, पण नाणे उडवलेले जेमतेम १५ वेळा. हा दोष मे २००८ मध्ये उघडकीस आला. तोवर सुमारे दीड वर्षाहून अधिक काळ ती आज्ञावली सर्वांसमोर उघडी होती. कोणीही वाचू शकत होते. योग्य नजरेने ती वाचली मात्र कोणी नव्हती.

यातला धडा सरळ आहे. 'तपासता येणे' आणि 'तपासले जाणे' या दोन गोष्टी आहेत. विज्ञानात शोधनिबंध प्रसिद्ध झाला म्हणजे निष्कर्ष सिद्ध झाला असे होत नाही. कोणीतरी तो प्रयोग पुन्हा करून पाहावा लागतो. खुलेपणामुळे तपासणीचे दार उघडते. आत जाऊन पाहण्याचे कष्ट कोणाला तरी घ्यावेच लागतात.

अर्ध्या सेकंदाचा उशीर

वरील उदाहरणात चूक होती, कपट नव्हते. कपटाचे उदाहरण २०२४ सालचे आहे.

'एक्सझेड' नावाचे एक छोटे साधन फाइली दाबून लहान करण्यासाठी लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत वापरले जाते. ते वर्षानुवर्षे मुख्यतः एकच गृहस्थ विनामोबदला सांभाळत होते. २०२१ पासून 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी त्यांना मदत करू लागले. दुरुस्त्या चांगल्या होत्या. दरम्यान काही अनोळखी नावांनी मूळ गृहस्थांवर दबाव येत राहिला, की काम संथ चालले आहे, दुसऱ्याला अधिकार द्या. हळूहळू अधिकार दिले गेले. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांत या नव्या मदतनिसाने एक चोरदरवाजा बसवला. दूर बसून दुसऱ्या संगणकात शिरण्याची जी सुरक्षित व्यवस्था असते, तिलाच तो भगदाड पाडत होता. आणि त्याची किल्ली फक्त त्या घुसखोराकडे होती.

लपवण्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. घातक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडवल्यासारख्या दिसणाऱ्या फाइलींत दडवला होता. त्याला जागे करणारा तुकडा सर्वजण वाचतात त्या मूळ संग्रहात नव्हताच. तो वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा घातला होता. जणू फलकावर एक प्रश्नपत्रिका लावायची आणि पाकिटात दुसरी भरायची.

२९ मार्च २०२४ रोजी हे कारस्थान उघड झाले ते आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. ते सुरक्षातज्ज्ञ म्हणून काम करीत नव्हते. त्यांचा विषय डेटाबेस. आपल्या चाचण्यांत संगणकात प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष न करता ते मागोवा घेत गेले आणि चोरदरवाजापर्यंत पोचले. बाधित आवृत्ती तोवर मुख्यतः लिनक्सच्या चाचणी-आवृत्त्यांतच पोचली होती, म्हणून मोठा अनर्थ टळला. 'जिया टॅन' कोण, हे आजतागायत जाहीर झालेले नाही.

या प्रकरणावरून दोन उलट निष्कर्ष काढले जातात. एक, खुली प्रणाली भरवशाची नाही. दुसरा, खुली होती म्हणूनच पकडता आले. आमच्या मते दोन्हींत तथ्य आहे. बाहेरच्या माणसाला आत शिरून, पाहून, पुराव्यानिशी दोष दाखवता आला हे खुलेपणाचेच फळ. पण सारे जग ज्यावर उभे आहे ते साधन एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या भरवशावर सोडले होते, हे खुलेपणाच्या नावाखाली झाकता येणार नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूचीही किंमत कोणीतरी मोजत असतोच.

यावर एक उपाय म्हणजे पुनरावृत्तीक्षम बांधणी. एकाच मूळ आज्ञावलीपासून दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांनी तयार केलेली फाइल बिटागणिक सारखी आली पाहिजे, असा हा दंडक. डेबियनचे कार्यकर्ते त्यासाठी दशकभराहून अधिक काळ झटत आहेत. प्रयोगशाळेतल्या शिस्तीशी याचे नाते वाचकांच्या लक्षात येईलच. मात्र त्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी : मूळ आज्ञावलीतच खोट असेल, तर दोन्हीकडे तीच खोट उतरेल.

तेहेतीस प्रश्नांत माणूस

आता तिसरा दावा. लिनक्स बसवले की कोणी पाळत ठेवू शकत नाही का? तसे नाही. प्रणाली बदलली तरी इंटरनेटवर आपण त्याच संकेतस्थळांना भेट देतो, त्याच खात्यांत नाव नोंदवून शिरतो. पाळत ठेवली जाते ती बहुतांशी तेथे.

पुन्हा नाणेफेकीकडे वळू. वर्गात ६४ मुले असतील तर 'हो-नाही' अशा नेमक्या सहा प्रश्नांत कोणतेही मूल ओळखता येते, कारण २ चा सहावा घात ६४. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे आहे. २ चा ३३ वा घात सुमारे ८५९ कोटी. म्हणजे नेमके प्रश्न विचारले तर ३३ उत्तरांत पृथ्वीवरचा कोणीही माणूस सापडतो. नाव विचारण्याचीही गरज नाही.

आपला ब्राउझर संकेतस्थळांना पडद्याचा आकार, भाषा, प्रणाली, बसवलेले फाँट अशी बरीच उत्तरे न विचारता देऊन टाकतो. २०१० साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने केलेल्या प्रयोगात भाग घेणाऱ्या ब्राउझरांपैकी सुमारे ८४ टक्के ब्राउझर एवढ्यावरूनच एकमेवाद्वितीय ठरले. या खुणांतून किमान १८ बिट माहिती मिळत होती. किल्ली म्हणून १८ बिट कुचकामी, पण माणूस हुडकायला पुष्कळ! गंमत अशी, की जे थोडे लोक वापरतात ते उठून दिसते. त्यामुळे घरच्या संगणकावर लिनक्स वापरणारा या बाबतीत गर्दीत लपत नाही, उलट वेगळा पडतो.

शाळेला याचा अर्थ काय? समजा, निकालाची यादी नावे गाळून सर्वांच्या मोबाइलवर पाठवली, पण जन्मदिवस तसेच ठेवले. ६० मुलांच्या वर्गात एखाद्या मुलाचा वाढदिवस इतर कोणाशीही न जुळण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के आहे. म्हणजे नाव गाळूनही बहुतेक मुले ओळखू येतात. कोण नापास, कोणाला कोणती शिष्यवृत्ती, कोणत्या जातीच्या रकान्यात कोण, हे सारे गावभर होते. येथे विंडोज असो वा लिनक्स, काडीचाही फरक पडत नाही.

मग करावे काय?

जुन्या संगणकांवर लिनक्स जरूर बसवावे. चालू यंत्रे भंगारात घालण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे. केरळमधील शासकीय आणि अनुदानित शाळांत वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकवले जात आहे, तेव्हा हे अशक्य कोटीतले नव्हे. अडचणी मात्र आधीच माहीत असाव्यात. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या मराठी फाइली नीट दिसणार नाहीत, त्या रूपांतरित कराव्या लागतील. काही छापयंत्रे आणि कार्यालयीन सॉफ्टवेअरे फक्त विंडोजवर चालतात. म्हणून आधी एका संगणकावर करून पाहावे.

लिनक्समध्ये व्यवस्थापक आणि सामान्य वापरकर्ता यांचे अधिकार वेगळे असतात. त्यामुळे विद्यार्थ्याने चुकून चालवलेली आज्ञावली सहसा सारी प्रणाली बिघडवू शकत नाही. पण गुणांची फाइल शिक्षकाच्या स्वतःच्या खात्यात असेल आणि शिक्षकानेच भलती आज्ञावली चालवली, तर ती फाइल वाचायला व्यवस्थापकाचा अधिकार लागतच नाही. म्हणून सॉफ्टवेअर आवृत्तीच्या स्वतःच्या संग्रहातूनच घ्यावे, दुरुस्त्या वेळच्यावेळी बसवाव्यात, मुलांची आणि कार्यालयाची खाती वेगळी ठेवावीत, आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत संगणकापासून सुटी करून ठेवावी. मुख्य म्हणजे जी माहिती लागत नाही ती गोळाच करू नये. जी साठवलेलीच नाही ती कोणी चोरू शकत नाही.

कुलूप चांगले निवडणे आपल्या हाती आहे आणि खुले कुलूप निवडण्याला सबळ कारणे आहेत. परंतु मुलांच्या माहितीची किल्ली अखेर शिक्षकांच्याच हाती असते. ती कोणती प्रणाली बसवली यापेक्षा ती आपण कशी सांभाळतो, यावर त्या मुलांचा खाजगीपणा अवलंबून आहे.