घेवड्याचे पान पिवळे का पडते?

खिडकीत, चहाच्या कागदी पेल्यात रुजवलेले श्रावणघेवड्याचे रोप आठ-दहा दिवसांत छान हिरवे होते. मग आपण ते हौसेने अंगणात लावतो आणि आठवड्याच्या आत पाने पिवळी दिसू लागतात. अशा वेळी हात दोनच गोष्टींकडे जातात, पाण्याच्या झारीकडे आणि युरियाकडे. पुष्कळदा रोप दगावते ते या उपचारानेच. श्रोतेहो, पिवळेपणा हा ताप यावा तसा आहे. तो लक्षण आहे, रोग नव्हे. म्हणून औषधाआधी पाहायचे ते एवढेच, की रोपाचे कोणते पान पिवळे झाले आहे आणि कसे.

बियातून वर आलेली दोन जाड दळे पिवळी पडून गळत असतील, तर काळजी नको. ती रोपाची शिदोरी. संपली की गळणारच.

उन्हाकडच्या बाजूची पाने फिकट, पांढरट-पिवळी पडली असतील, तर तो उन्हाचा चटका. घरातल्या सावलीत वाढलेले पान पातळ आणि कोवळे असते. एकदम कडक उन्हात आले, की त्यातले हरितद्रव्य नष्ट होऊ लागते. चटका बसलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, पण नवी पाने चांगली येतात. रोपाला आधी तासभर कोवळे ऊन दाखवावे आणि आठवडाभर ते रोज थोडे वाढवत न्यावे. शिवाय घेवड्याला मुळे दुखावलेली खपत नाहीत. पेला अलगद फाडून रोप मातीच्या गड्ड्यासकट लावावे. त्याहून बरे म्हणजे बी थेट वाफ्यातच टोकावे.

सगळे रोप मलूल आणि फिकट, पण माती मात्र ओलीचिंब असेल, तर पाणी जास्त झाले आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या, की मुळे गुदमरतात आणि पाण्यात उभे असूनही रोप सुकते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो! काळ्या, चिकण जमिनीत हे फार घडते. वाफसा आल्याशिवाय पाणी देऊ नये आणि पावसाळ्यात रोपे गादीवाफ्यावर लावावीत.

खालची, जुनी पाने सारखी पिवळी होत असतील, तर नत्र कमी पडते आहे. नत्र अपुरे असले, की रोप ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना पुरवते. आता कोणी म्हणेल, शेंगवर्गीय पिकांना नत्र कशाला? त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र मिळवून देतात. खरे आहे, हे जिवाणू मार्टिनस बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली वेगळे करून दाखवले. पण गाठी तयार होऊन कामाला लागायला दोन-तीन आठवडे जातात. त्यातून श्रावणघेवडा मूळचा अमेरिका खंडातला. वाल किंवा चवळीला आपल्या मातीत जोडीदार जिवाणू सहज मिळतात, तसे घेवड्याला मिळतीलच असे नाही. म्हणून घेवड्यासाठीचे रायझोबियम संवर्धक बियाण्याला चोळून पेरणी करावी. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम पुरते. वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत असावे. युरिया भरमसाट घातला, तर गाठी धरत नाहीत, पाला माजतो आणि शेंगा कमी लागतात. एखादे रोप हलकेच उपटून गाठ फोडून पाहा. आत लालसर-गुलाबी रंग दिसला, की काम सुरू आहे असे समजावे.

याउलट शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण ते विरघळत नसल्याने मुळांना घेता येत नाही. जुन्या पानातले लोह नव्या पानाकडे फारसे जातही नाही. इथे युरिया निरुपयोगी. शेणखत वाढवावे, पाण्याचा निचरा सुधारावा आणि गरज पडल्यास हिराकशीची सौम्य फवारणी उन्हे उतरल्यावर करावी.

आणि पानावर भडक पिवळे-हिरवे ठिपके विखुरलेले असतील, पानामागे पांढरी माशी असेल, तर तो बहुधा पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग. विषाणू गेलेल्या रोपाला औषध नाही. जीव तुटला तरी ते उपटून नष्ट करावे, म्हणजे शेजारची रोपे वाचण्याची आशा राहते.

तेव्हा पान पिवळे दिसले, की झारी खाली ठेवावी. पान वरचे की खालचे, शिरा हिरव्या की पिवळ्या, माती कोरडी की ओली, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली, की काय करायचे ते पुष्कळदा आपोआप कळते. आणि बऱ्याच वेळा ते आपण करणार होतो त्याच्या उलट असते.