‘येथे करमत नाही’ : परदेशस्थ विद्यार्थी आणि मनःस्वास्थ्याची अ‍ॅप्स

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एक प्रबंध सादर केला. घरापासून दुरावलेल्या माणसास जडणाऱ्या व्याधीचे त्यात वर्णन होते, आणि तिच्यासाठी दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा घडविली. त्याने दिलेल्या उदाहरणांपैकी एक, बर्नहून बाझेलला शिकावयास आलेल्या तरुणाचे आहे. हा तरुण दिवसेंदिवस खंगत गेला. अखेर त्यास घरी धाडण्याचे ठरले. गाव सोडून काही मैल जातो न जातो तोच त्यास उतार पडू लागला, व बर्नला पोहोचण्यापूर्वी तो पूर्ण बरा झाला. बाझेल व बर्न यांमधील अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे आज पुण्याहून शिकागोस जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या स्थितीची काहीशी कल्पना येईल.

विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. स्व्हेरे लिसगार्ड याने १९५५ साली अमेरिकेत राहिलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट विद्वानांच्या अनुभवावरून असे प्रतिपादन केले, की परक्या समाजातील समायोजन प्रथम चांगले असते, मग खालावते, व पुढे पुन्हा सुधारते. कालेर्व्हो ओबर्ग याचा ‘सांस्कृतिक आघाता’वरील प्रसिद्ध लेख १९६० सालचा. लिसगार्डच्या वक्ररेषेस पुढील संशोधनाने सर्वत्र दुजोरा दिला असे मात्र नाही. न्यूझीलंडमधील जपानी विद्यार्थ्यांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अडचणी सर्वांत अधिक आढळल्या त्या अगदी आरंभी.

अमेरिकेत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षी ११,२६,६९० परदेशी विद्यार्थी होते. त्यांपैकी ३,३१,६०२ भारतातील. अशा विद्यार्थ्यास मोबाइलवरील मनःस्वास्थ्याचे अ‍ॅप जवळचे का वाटावे, हे समजण्यास कठीण नाही. शिकागोत हिवाळ्यातील मध्यरात्र असते तेव्हा पुण्यात सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. घरची माणसे जागी असतात, पण कामात; आणि सांगितले तर त्यांचा जीव टांगणीला लागेल म्हणून फोनवर ‘सगळे ठीक आहे’ असेच सांगितले जाते. समुपदेशकाची भेट ठरविताना वाट पाहावी लागते, ओळखीचे कोणी पाहील अशी धास्ती असते. अ‍ॅपला वेळ विचारावी लागत नाही. त्यापासून लाभ होतच नाही असेही नव्हे. वोबॉट या संभाषण-यंत्राची १८ ते २८ वर्षे वयाच्या ७० जणांवर घेतलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांत त्यांच्या खिन्नतेच्या लक्षणांत घट झाली, आणि केवळ माहितीपुस्तक दिलेल्या गटात तशी घट झाली नाही. चाचणी लहान होती व तुलना पुस्तकाशी होती, माणसाशी नव्हती. एवढे लक्षात ठेवून हा निष्कर्ष स्वीकारण्यास प्रत्यवाय नाही.

अडचण येते ती भाषेच्या ठिकाणी. परगावी गेलेला मराठी माणूस आपली अवस्था सांगताना प्रथम म्हणतो, ‘मला येथे करमत नाही.’ या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. अनुभव घेणारा येथे कर्ता नाही. तो चतुर्थीत आहे. ‘करमणे’ ही त्याची कृती नव्हे, त्याच्या बाबतीत घडणारी किंवा न घडणारी गोष्ट आहे. शिवाय ‘येथे’ हा शब्द उच्चारला नाही तरी अभिप्रेत असतोच. आईविना करमत नाही, गावाविना करमत नाही, सुटीत वसतिगृहावर करमत नाही. प्रत्येक वेळी स्थळाचा किंवा सोबतीचा अभाव वाक्यातच नोंदविलेला असतो. ‘करमणूक’ हा शब्द याच धातूपासून आला आहे, यावरूनही या क्रियेचा कल माणसाच्या अंतरंगाकडे किती आणि परिसराकडे किती हे दिसते.

आता हेच वाक्य इंग्रजी अ‍ॅपपुढे मांडावयाचे झाले तर काय होते ते पाहावे. अनेक अ‍ॅप्स आरंभी पी.एच.क्यू.-९ ही २००१ साली प्रसिद्ध झालेली प्रश्नावली विचारतात. प्रश्न नऊ, काळ मागील दोन आठवड्यांचा, प्रत्येक उत्तरास शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा वा अधिक गुण पडल्यास मध्यम किंवा त्याहून तीव्र खिन्नतेची शंका घेतात. कोणत्याही गोष्टीत रस वाटत नाही काय, या पहिल्या प्रश्नास न करमणारा विद्यार्थी ‘जवळजवळ रोज’ असेच उत्तर देईल. झोप, थकवा व भूक यांविषयीच्या प्रश्नांत आणखी गुण पडतील. प्रश्नावली आपल्या जागी प्रमाणित आहे व वैद्याच्या हाती ती उपयोगी पडते, कारण वैद्य पुढे ‘केव्हापासून?’ आणि ‘कोठे आल्यापासून?’ असे विचारतो. अ‍ॅप हे विचारीलच अशी खात्री नसते. मग ‘येथे’ गळून पडते, चतुर्थीतील माणूस कर्ता होतो, आणि जे न्यून परिस्थितीत होते ते त्याच्या मनात असल्याची नोंद होते. उलट धोकाही आहे. खरोखर गंभीर आजारी असलेला विद्यार्थी ‘नुसते करमत नाही’ म्हणून स्वतःस समजावीत राहतो, आणि त्या शब्दामागील फरक ओळखणारे तेथे कोणी नसते.

यास उपाय नाही असे नव्हे. मात्र तो कष्टाचा आहे. झिंबाब्वेतील हरारे येथे विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोना भाषकांची दुःख सांगण्याची रीत प्रथम अभ्यासली. अति विचार करीत राहणे या अर्थाचा ‘कुफुंगिसिसा’ हा त्यांचा शब्द घेतला, आणि अशा स्थानिक बोलींतून चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली १९९७ साली प्रसिद्ध केली. (गोव्यातील ‘संगथ’ ही संस्था उभारणारे पटेल तेच.) तयार प्रश्नांचे भाषांतर करणे आणि भाषेतून प्रश्न शोधून काढणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, अ‍ॅपच्या जाहिरातीत ‘अनेक भाषांत उपलब्ध’ असे लिहिलेले असते तेव्हा बहुधा पहिलीच अभिप्रेत असते.

दुसरा प्रश्न संमतीचा. मॅसॅच्युसेट्स येथील जोसेफ वायझेनबाउम याने १९६६ साली ‘एलायझा’ हे संभाषण-यंत्र प्रसिद्ध केले. ते बनत असताना पाहिलेल्या त्याच्या सचिव बाई त्याच्याशी बोलू लागल्या, आणि थोड्या वेळाने त्यांनी वायझेनबाउमलाच खोलीबाहेर जावयास सांगितले. आजच्या अ‍ॅपमध्ये निर्मात्यास खोलीबाहेर घालविण्याची सोय नाही. अमेरिकेतील रुग्णाच्या गुप्ततेचा १९९६ सालचा कायदा वैद्य, रुग्णालये व विमा कंपन्या यांना लागू आहे. थेट ग्राहकास विकली जाणारी बहुतेक अ‍ॅप्स त्याच्या कक्षेबाहेर राहतात. बेटरहेल्प या कंपनीने ग्राहकांची माहिती फेसबुक, स्नॅपचॅट इत्यादींना जाहिरातीसाठी पुरविल्याचा आरोप तेथील संघीय व्यापार आयोगाने केला, आणि २०२३ साली ७८ लाख डॉलरांवर तडजोड झाली. जेथील वास्तव्यच व्हिसावर अवलंबून आहे अशा विद्यार्थ्यास या बातमीचा अर्थ स्थानिक विद्यार्थ्याहून वेगळा लागतो. आपले उत्तर कोठवर जाईल हे न कळल्यामुळे तो नवव्या प्रश्नास, म्हणजे जीव नकोसा होण्याविषयीच्या प्रश्नास, ‘अजिबात नाही’ असे लिहून मोकळा होतो. संमतिपत्र परभाषेत व कायद्याच्या परिभाषेत असते. ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवणे म्हणजे संमती, असे मानावयाचे असेल तर ‘संमती’ या शब्दाचाच अर्थ तपासून घ्यावा लागेल.

तिसरी गोष्ट भरवशाची. खाण्याच्या विकारांसंबंधी काम करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेस आपले ‘टेसा’ हे यंत्र २०२३ साली मागे घ्यावे लागले, कारण ते अशा रुग्णांना वजन घटविण्याचे सल्ले देऊ लागले होते. वोबॉटचे अ‍ॅप ३० जून २०२५ रोजी बंद झाले. इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून परवानाधारक तज्ज्ञाविना यंत्राने मानसोपचार देण्यास मनाई केली. शिकागो याच राज्यात आहे. तेथील विद्यार्थ्यास कायद्याचे संरक्षण मिळाले हे खरे, परंतु समुपदेशकांची संख्या त्या कायद्याने वाढलेली नाही.

विद्यापीठे अशा अ‍ॅपचा परवाना सर्व विद्यार्थ्यांसाठी एकदम विकत घेतात, आणि करारात किंमत, मुदत व वापरणाऱ्यांची संख्या नमूद असते. रात्री अडीच वाजता नवव्या प्रश्नास ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर आले, तर पलीकडे कोण जागे असते आणि ते कोणत्या भाषेत बोलते, ही दोन कलमे त्यात आहेत की नाहीत हे सही करणाऱ्याने पाहावयाचे आहे.