पाण्यातला कान

आमच्या गावच्या रात्रीच्या वर्गात एकदा समुद्रावरचा माहितीपट दाखवला. गाव कोळ्यांचे, त्यामुळे खोली गच्च भरली होती. पडद्यावर निळे पाणी होते. त्यात एक प्रचंड देवमासा सावकाश वळत होता, आणि त्याचे गाणे ऐकू येत होते. कधी गाय हंबरावी तसे, तर कधी जुन्या दाराची बिजागरी करकरावी तसे.

दिवे लागले. मागच्या ओळीतल्या एक मावशी उठून म्हणाल्या, "गुरुजी, मासा दिसला तो खरा. पण आवाज खरा का हो? तिथं पाण्यात ऐकायला कोण बसलं होतं? का सिनेमावाल्यांनी मागाहून घातला?"

प्रश्न नेमका होता. मी म्हणालो, "मावशी, असल्या चित्रपटांत काही आवाज खरे असतात, काही बनवलेले असतात. कोणते कसे, ते पुढच्या आठवड्यात नीट सांगतो."

आठवडाभर मी वाचले, विचारपूस केली. वर्गात जे सांगितले तेच इथे लिहिले आहे.

पाणी मुके नाही

लहानपणी विहिरीत पोहायला शिकलात ना? मग हा खेळ तुम्हाला ठाऊक असेल. एकाने पाण्यात बुडी मारायची. दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे. बुडी मारलेल्याला तो आवाज अगदी कानाशी झाल्यासारखा ऐकू येतो. काठावर बसलेल्याला मात्र जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

असे का होते? आवाज म्हणजे थरथर. हवा थरथरते आणि ती थरथर आपल्या कानापर्यंत येते. पाणीसुद्धा असेच थरथरते. उलट पाण्यातून आवाज हवेपेक्षा जलद धावतो. हवेतून तो एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. समुद्राच्या पाण्यातून जातो सुमारे १५०० मीटर, म्हणजे चौपटीहून जास्त.

पण पाण्यातला आवाज पाण्यातच राहतो. पाणी आणि हवा जिथे भेटतात, तिथे आवाजाला जणू भिंत लागते. हजार भागांतला एखादाच भाग भिंतीपलीकडे जातो. बाकीचा परत फिरतो. म्हणून आपण किनाऱ्यावर उभे राहतो, लाटांची गाज ऐकतो आणि समजतो, की खाली सगळे शांत आहे. खाली बाजार भरलेला असतो, पण आपण दाराबाहेर असतो.

सरोवरातली घंटा

पाण्यातल्या आवाजाचा वेग प्रथम नीट मोजला तो १८२६ साली. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाचे मोठे सरोवर आहे. तिथे कोलादों आणि स्टुर्म या दोघा शास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला. रात्रीची वेळ. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगली. घंटेवर हातोडा पडला, की त्याच क्षणी होडीवर दारूचा जाळ व्हायचा, अशी योजना केली. दुसरी होडी १३ किलोमीटरांहून जास्त अंतरावर होती. तिच्यातून एक लांब नळी पाण्यात सोडून कान लावून बसायचे. जाळ दिसला की घड्याळ सुरू, आणि घंटा ऐकू आली की बंद.

घंटा साडेनऊ सेकंदांच्या आत ऐकू आली. हवेतून तेवढे अंतर जायला आवाजाला चाळीस सेकंद लागले असते. त्यावरून त्यांनी हिशेब केला. सरोवराच्या थंड पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १४३५ मीटर भरला. दोनशे वर्षांपूर्वी एक नळी आणि एक घड्याळ एवढ्यावर केलेला हा हिशेब आजच्या यंत्रांच्या हिशेबाशी जुळतो.

लायटरातली वीज

आता नळीने काम करत नाहीत. आता पाण्यात जो कान सोडतात त्याला हायड्रोफोन म्हणतात. सभेत वक्त्यापुढे मायक्रोफोन असतो ना, त्याचाच हा पाण्यातला भाऊ.

हा चालतो कसा, ते समजायला स्वयंपाकघरात या. गॅस पेटवायचा लायटर तुम्ही खटकन दाबता आणि ठिणगी पडते. साध्या लायटरमध्ये सेल नसतो. मग वीज येते कुठून? आत एका खास पदार्थाचा छोटा तुकडा असतो. त्याच्यावर दणका बसला, की त्यातून वीज निघते. दाब दिला तर वीज देणारे असे काही स्फटिक असतात, हा शोध फ्रान्समधल्या क्युरी बंधूंनी १८८० साली लावला.

हायड्रोफोनच्या पोटात असाच तुकडा असतो. आवाजाची लाट येते, तुकड्याला हलकेच दाबते आणि सोडते. जसा दाब, तशी वीज. ही वीज अगदी बारीक असते. ती तारेतून वर होडीत येते. तिथे एक यंत्र तिला मोठी करते, दुसरे यंत्र साठवून ठेवते. तुकड्यावर रबरासारखे आवरण असते, म्हणून पाणी आत शिरत नाही. सगळा ऐवज मुठीत मावेल एवढा असतो.

सुरुवातीला हे यंत्र सिनेमासाठी केलेले नव्हते. १९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्या जहाजे बुडवीत होत्या. पाण्याखालची पाणबुडी दिसत नाही, पण तिचे यंत्र ऐकू येते. तिचा माग काढायला हायड्रोफोन वापरात आले. युद्धासाठी केलेला कान पुढे मासे ऐकू लागला.

आवाज कसा टिपतात

यंत्र असले म्हणजे झाले, असे नाही. हायड्रोफोन पाण्यात सोडला की पहिल्यांदा काय ऐकू येते, सांगू? आपलीच होडी! इंजिनाची घरघर, होडीच्या अंगावर लाटांचे थपके, आणि कोणी डबा खाली ठेवला तर त्याचा ठणका.

म्हणून ध्वनिमुद्रक, म्हणजे आवाज टिपणारा माणूस, पहिल्यांदा इंजिन बंद करायला लावतो. होडीत कोणी चालायचे नाही, बोलायचे नाही. हायड्रोफोनला वजन बांधतात, म्हणजे तो खाली स्थिर राहतो. पण तार सरळ होडीला बांधली, तर होडी वरखाली होताना तारेला हिसके बसतात आणि प्रत्येक हिसक्याचा आवाज टिपला जातो. यावर उपाय म्हणून मध्ये ताणणारी रबरी दोरी घालतात, वर तरंगता बोया ठेवतात. हिसका दोरी खाते, हायड्रोफोन शांत राहतो. प्रवाह जोराचा असला तर तारच तंबोऱ्यासारखी वाजू लागते. मग जागा बदलायची किंवा ओहोटीभरतीच्या मधल्या स्थिर पाण्याची वाट पाहायची. जाळे कधी टाकायचे हे कोळ्याला जसे पाणी बघून कळते, तसे यालाही कळावे लागते.

मग कानाला यंत्र लावून बसून राहायचे. कधी तासभर काहीच मिळत नाही. मिळाले, की लगेच वहीत नोंद करायची: तारीख, वेळ, जागा, खोली. नोंद नसलेला आवाज म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

खाली कोण बोलते?

फ्रान्सचे कुस्तो हे समुद्राचे मोठे चित्रपटकार. १९५६ साली त्यांचा समुद्रावरचा गाजलेला चित्रपट आला. त्याच्या नावाचा अर्थच होता 'नि:शब्द जग'. चित्र अपूर्व होते, पण नाव तेवढे खरे नव्हते.

उबदार उथळ समुद्रात हायड्रोफोन सोडला, तर तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज सतत येतो. हे काम एका बोटभर कोळंबीचे. तिची एक नांगी मोठी असते. ती नांगी इतक्या झटक्याने मिटते, की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि फुटतो. तडतड होते ती नांगीची नव्हे, त्या फुटणाऱ्या बुडबुड्याची. हे २००० साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले.

तडतडीचे सांगून मी घोळ माशाकडे वळलो, तशा मावशी मध्येच म्हणाल्या, "घोळ कुरकुरतो, ते आम्हाला ठाऊक हाय. वर काढला का बोलतो."

अगदी बरोबर. घोळ आणि त्याच्या जातीचे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवतात. पिशवी ढोलासारखी घुमते. जगात काही ठिकाणचे कोळी वल्ह्याचा दांडा कानाला लावून असे मासे हुडकीत आले आहेत. शास्त्रज्ञांच्या आधी हायड्रोफोन कोळ्यांनी केला, असे म्हणायला हरकत नाही.

आणि देवमासा? तो मासा नव्हे. पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे. त्यातल्या कुबड्या देवमाशाचा नर गातो. एक गाणे बहुधा दहा ते वीस मिनिटे चालते. संपले की पुन्हा पहिल्यापासून, असे तासन् तास. एका भागातले सगळे नर एकच गाणे गातात, आणि ते गाणे वर्षावर्षाला थोडे थोडे बदलत जाते.

मावशींचे उत्तर

आता मूळ प्रश्न. आवाज खरा का?

अडचण अशी. कॅमेऱ्याला पाण्यात फार तर काही दहा मीटर दिसते. हायड्रोफोनला कित्येक किलोमीटरांवरचे ऐकू येते. त्यामुळे समोर दिसणारा मासा एक आणि ऐकू येणारा आवाज दुसऱ्याच कुणाचा, असे होते. शिवाय चित्र घेणाऱ्या पाणबुड्याच्या श्वासाचे बुडबुडे इतका गलबला करतात, की त्याच वेळी स्वच्छ आवाज मिळणे कठीण. म्हणून चित्र वेगळे आणि आवाज वेगळा घेतात, मागाहून जोडतात.

तेव्हा तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, खरा आवाज. त्याच प्राण्याचा, हायड्रोफोनने टिपलेला. देवमाशाचे गाणे बहुधा असे असते.

दुसरा, खरा पण बदललेला. माणसाच्या कानाला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांपर्यंतचेच आवाज ऐकू येतात. निळ्या देवमाशाची हाक बरेचदा या मर्यादेच्याही खाली असते. ती ऐकवायची तर वेगाने वाजवावी लागते. गंगेतला सुसू हा डॉल्फिन जवळजवळ आंधळा. तो आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून वाट काढतो. त्याचे टकटक आवाज मर्यादेच्या वरचे. ते हळू करून वाजवतात.

तिसरा, बनवलेला. मासा वळला की 'सुळ्ळ' असा आवाज येतो ना? तो पुष्कळदा खोलीत, पाण्याच्या टबात हात फिरवून केलेला असतो. आवाजाशिवाय चित्र कोरडे वाटते, म्हणून करतात. यात सगळीच फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. पण पाहणाऱ्याला ते ठाऊक असावे.

ऐकल्याने काय झाले

तुम्ही म्हणाल, गुरुजी, एवढा खटाटोप कशाला? देवमासा गातो हे कळून कोणाचे पोट भरते?

विसाव्या शतकात माणसाने सुमारे २९ लाख देवमासे मारले. तेल, मांस, खत यांसाठी. बर्म्युडा बेटाजवळ अमेरिकेच्या नौदलासाठी काम करणारे फ्रँक वॉटलिंग्टन पाणबुड्यांसाठी लावलेल्या हायड्रोफोनवर देवमाशांची गाणी टिपत होते. शिकारी या आवाजावरून देवमासे शोधतील या भीतीने त्यांनी ती गुप्त ठेवली. पुढे त्यांनी ती रॉजर पेन या शास्त्रज्ञाला दिली. १९७० साली त्यांची तबकडी निघाली आणि लाखाच्या वर खपली. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता, त्यांनीही ते गाणे ऐकले. देवमासा म्हणजे तेलाचे पिंप, ही समजूत ढासळली. देशोदेशी शिकारीविरुद्ध लोक उभे राहिले. १९८२ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला. एका तबकडीने हे सगळे झाले असे नाही, पण तिचा वाटा मोठा होता.

आता दुसरे संकट आहे. जहाजांच्या गोंगाटात देवमाशांना एकमेकांची हाक ऐकू येत नाही. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाला. त्यानंतर काही दिवस कॅनडाच्या एका उपसागरात जहाजे फार कमी झाली. समुद्र शांत झाला. शास्त्रज्ञांनी त्या दिवसांतली देवमाशांची विष्ठा तपासली, तर तिच्यात ताण दाखवणारी द्रव्ये कमी निघाली. गोंगाट थांबला, तसा जिवाला स्वस्थपणा आला.

आणि हे काही परमुलखातलेच नाही. २०१७ साली गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी कुबड्या देवमाशाचे गाणे टिपले. आपल्या अरबी समुद्रातले हे देवमासे बारा महिने याच समुद्रात राहतात. आता ते फार थोडे उरले आहेत.

हे ऐकून मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या होडीखालून गाणं जात असेल, आन् आमचं इंजिन चालू!"

करून पाहा

एक बादली पाण्याने भरा. बादलीच्या बाहेरच्या अंगाला कान लावा. दुसऱ्याला पाण्याखाली दोन चमचे एकमेकांवर हळूच वाजवायला सांगा. मग कान काढून नुसतेच ऐका. फरक तुमचा तुम्हाला कळेल.

पडद्यावर पुन्हा समुद्र दिसला, तर मावशींसारखा प्रश्न विचारा: हा आवाज कोणी टिपला, कुठे टिपला, आणि कशाने टिपला? छापलेले वाचतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो.